जादूगाराने पळवलेली पकड

एका राज्यात एक राजा होता, वेगाचा मोठा वेडा. रथाची चाके आसाला घासतात, एवढ्यानेही त्याचे डोके फिरे. एके दिवशी तो जादूगार कृष्णांजनाला म्हणाला, "माझ्या राज्यात काहीही कशाला घासू नये."

"तथास्तु," जादूगार हसला. त्याने एका वस्तूला दुसरीवर रोखून धरणारी राज्यातली सगळी पकड गोळा केली, तांब्याच्या पेटीत कोंडली आणि माळावर नेऊन तिच्यावर हत्तीएवढी सपाट शिळा ठेवली.

मग काय! माणसे उभी राहीनात. गाठी सुटल्या, खिळे गळाले. जात्यातून दाणे अख्खेच बाहेर पडू लागले. राज्य उपाशी बसले.

दोर वळणाऱ्या गोजराचे सगळे दोर उलगडून गेले. संतापून तिने अंबाडीचा भारा ढकलला. भारा पुढे गेला, तशी ती मागे घसरली. गोजराला युक्ती सुचली, ती हसली.

वरून घिरट्या घालणारी साळुंकी बोलली, "पकड सोडवायची तर कामे तीन. पेटीपाशी जाणे, तिथे थांबणे, शिळा सारणे. पेटीकडे निघालेले पहिलवान पहिल्यातच हरले."

"ते पायांवर विसंबले. मी दगड नेते."

गूळ आटवायच्या भल्यामोठ्या कढईत, काहिलीत, दगड भरून ती आत बसली. दगड मागे भिरकावला, काहील पुढे निघाली. अडवणारे काही नव्हतेच. ती चालतच राहिली. शिळा जवळ येताच गोजराने दगड पुढे फेकले. एक, दोन, पाच. काहील थांबली.

"शिळा उचलायला शंभर माणसे लागतील," साळुंकी म्हणाली.

"उचलायची कशाला?"

शेजारी जमिनीत पुरलेला खांब होता. त्याला पाठ लावून तिने पायांनी शिळा रेटली. शिळा केसभर हलली, मग बोटभर, मग आपसूक सरकत गेली.

तोच कृष्णांजन वाऱ्याच्या वेगाने घसरत आला. "खबरदार!"

गोजराने झाकण उघडले. पकड सुटली. जादूगाराचे पाय जमिनीला चिकटले, पण धड वेगातच राहिले. त्याने सात कोलांट्या खाल्ल्या. जादूची कांडी मोडली आणि विद्याही गेली.

गावोगाव जाती घरघरू लागली. राजा वेशीबाहेर पायी आला. "चूक माझी. अर्धे राज्य घे."

"राज्य नको, महाराज. दमले आहे, पुढे चढ आहे. हात द्या."

राजाने हात पुढे केला. तिच्या खरखरीत तळव्यात तो घट्ट बसला आणि दोघे चढ चढू लागले.