दर मिनिटाची विचारपूस

“पण बाबा, यंत्र बंद पडलंय हे तुम्हाला कळलंसुद्धा नाही?”

परागने हे बूट काढता काढता विचारलं. नमस्कार मागाहून केला. पुण्याहून तीनशे किलोमीटर गाडी हाकत आला होता, आणि दुसऱ्याची चूक सापडली की ती सांगेपर्यंत त्याला दम निघत नसे.

मठाच्या ओसरीवर गोसावीबाबा बसले होते. त्यांच्यासमोर शेवंता मांडीवर वर्तमानपत्र पसरून एकेक अक्षर लावत होती. ती खालच्या वस्तीवरची, शेळ्या राखणारी, पन्नाशीची बाई. शेळ्या पायऱ्यांवर आडव्या पडल्या होत्या.

“कोण?” बाबांनी विचारलं.

“मी. पराग. ढवळे मास्तरांचा.”

“ये, बस... शेवंता, वाक्य पुरं कर. अर्ध्यावर सोडू नको.”

“जि... ल्हा... प... रि...” शेवंता अडली. “बाबा, पोट फोडल्यालं आक्षर आलं.”

“तो ष. पुढे?”

“ष... द...”

“परिषदेच्या शाळांना नवीन इमारती,” पराग म्हणाला. “एवढंच आहे, मावशी.”

शेवंताने कागदावरचं बोट उचललं. वाचायचं काही उरलं नव्हतं.



गोसावीबाबा पूर्वाश्रमीचे टेलिफोन खात्यातले तंत्रज्ञ. मठात आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय एक जुना संगणक तेवढा बरोबर होता. तो अजून कोनाड्यात आहे. छपरावरच्या सौरपट्टीवर चालतो, इंटरनेट एका सिमकार्डावर. पायऱ्यांच्या तळाशी एक काळी पाटी आहे. बाबा रोज सकाळी तिच्यावर खडूने एक-दोन ओळी लिहितात आणि त्याच ओळी मठाच्या संकेतस्थळावर टाकतात. जवळचे पाटी वाचतात, लांबचे संकेतस्थळ. अकरा वर्षं हे चाललंय.

त्या कोनाड्यापाशीच पराग पहिली आज्ञा टाइप करायला शिकला. आता तो मोठ्या हुद्द्यावर आहे. मठात सहा वर्षांनी आला होता.

“जुनं आता काढून टाकू,” त्याने पिशवीतून एक छोटी काळी डबी बाहेर काढली. “नवीन आणलंय. माझ्या घरी जसं बसवलंय तसंच इथे बसवून देतो. अर्ध्या तासाचं काम.”

“घरी काय बसवलंयस?”

हाच प्रश्न त्याला हवा होता. त्याने लॅपटॉप उघडला.

“हे बघा. चारशे बारा संकेतस्थळं. कुठेही काही नवीन लिहिलं गेलं की माझं यंत्र ते उचलून आणतं आणि एका जागी मांडून ठेवतं. मला कुठे हिंडायला नको. कुठल्या कंपनीच्या हातात काही नाही. माझं यंत्र, माझं वाचन.”

“बसवायला अवघड?”

“पूर्वी होतं. आता एक फाइल. हे बघा, हे दोन डबे. कंटेनर म्हणतात. एकात वाचनाचा कार्यक्रम, दुसऱ्यात साठा. एक आज्ञा दिली की दोन्ही उभे. बिघडला तर डबा फेकायचा, नवा काढायचा.”

“आणि डब्यातलं?”

“ते जात नाही. साठ्याची जागा डब्याबाहेर जोडून ठेवलीय. लोक इथेच चुकतात, बाबा. डबा फेकतात आणि सगळं घालवून बसतात. मी नाही चुकलो.”

“बरं केलंस.”

“सूचनाही सगळ्या मराठीत. भाषांतर मी स्वतः केलंय. ‘नवीन’, ‘वाचलेले’, ‘राखून ठेवलेले’.”

“छान... आणि नवीन काही आलं हे यंत्राला कळतं कसं?”

“ते जाऊन विचारतं ना. काही नवीन आहे का? किती वेळाने विचारायचं तो आकडा इथे. मुळात साठ मिनिटं होता. मी दिवाळीच्या सुट्टीत बसवलं तेव्हाच एक केला.”

“एक मिनिट?”

“उशीर नको.”

“कशाला उशीर?”

पराग हसला. “बातमी शिळी होते, बाबा.”

बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे लॅपटॉपवर नव्हते, पायऱ्यांकडे कुठेतरी होते. परागचं तिकडे लक्ष नव्हतं.

“तर सांगायचं म्हणजे,” तो म्हणाला, “आठ दिवस झाले, तुमचं यंत्र उत्तर देत नाही. चारशे अकरा ठिकाणं हिरवी. तुमचं एकटं लाल.”

“म्हणून आलास?”

“म्हणजे काय! सगळं टाकून आलो.”

“पण यंत्र चालू आहे रे.”

“नाहीये, बाबा. थांबा, दाखवतोच.”

त्याने फोनवर मठाचं संकेतस्थळ उघडलं. ते उघडलं. वर आजची तारीख, खाली आजची ओळ: विहिरीला अकरा हात पाणी. शेवंताच्या तांबडीला दोन करडं झाली.

परागने पुन्हा उघडून पाहिलं. पुन्हा उघडलं.

“मग माझ्या घरूनच का...”

“शेवंता,” बाबा म्हणाले, “तो आकडा सांग गं.”

शेवंता सावरून बसली. शाळेत उभं राहून पाढा म्हणावा तसं तिने म्हटलं, “दोनशे तीन टिंब शून्य टिंब एकशे तेरा टिंब सत्तेचाळीस!”

...

तो परागच्या घरच्या यंत्राचा पत्ता होता. त्याला तो स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पक्का पाठ होता.

“तुमी ह्याच धंद्यातलं हाव, दादा. तुमास्नी ठावं आसंल, कोन हाय ह्यो?” शेवंताने उत्साहाने विचारलं. “लई छळलं बया त्यानं. दर मिनटाला येतंय. दिवसा येतंय, रातीचं येतंय. मी बाबांना यंत्रातल्या नोंदी वाचून दावत हुते, तर पानच्या पान ह्योच. आक्षरं मला जड जात्यात, पर आकडं येत्यात. म्हनून घावला.”

“मग मी त्या आकड्याला दार लावलं,” बाबा म्हणाले.

परागला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

“पण त्याचं ओझं पडत नाही, बाबा. असली यंत्रं शहाणी असतात. बदल नसला तर ‘नाही’ एवढंच ऐकून परत जातात.”

“येणारं शहाणं असेल. माझं म्हातारं आहे. कोणी काही विचारलं की पहिल्या दिवसापासून सगळं सांगत बसतं. अकरा वर्षांचं.”

दर मिनिटाला अकरा वर्षं. मठाच्या सिमला दिवसाचं दीड जीबी मिळतं. जेवायच्या वेळेपर्यंत त्यातलं काही उरत नसणार, हे परागला कागद न घेताच कळलं.

“ते... माझं आहे, मावशी,” तो म्हणाला.

शेवंताने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

“दिवाळीपासून म्हणालास?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“तरीच... माझा फोन वाचून दाखवायचा रे मला, ह्याच सिमच्या इंटरनेटवर. वर्तमानपत्र, आलेली पत्रं. दिवाळीपासून दुपारी जेवायच्या वेळेला मुका व्हायला लागला. मला वाटलं, त्याचंही वय झालं.”

“वाचून कशाला दाखवायचा?”

बाबांनी तोंड त्याच्याकडे वळवलं. परागने तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. नजर त्याच्या कानावरून मागे भिंतीवर गेली होती.

“काचबिंदू म्हनं,” शेवंता हळूच म्हणाली. “गेल्या पावसाळ्यापास्नं. सगळ्या गावाला ठावं हाय. पाटी आन् यंत्र निस्त्या हाताच्या सवयीनं चालवत्यात.”

ओसरीवर येऊन त्याला अर्धा तास झाला होता. अर्धा तास तो न दिसणाऱ्या माणसाला ‘हे बघा, हे बघा’ म्हणत होता. परागला लाज वाटली. पण लाज वाटली की काही माणसं आधी दुसऱ्याची चूक हुडकतात, आणि पराग त्यातलाच.

“मला कळवायचं तरी, बाबा.”

“पाटीवर लिहिलं होतं. पाच फेब्रुवारीला, सकाळी.”

“माझ्याकडे पोचलं नसेल.”

“बघ.”

परागने फोनवर आपला साठा उघडला. मागे जात राहिला. मार्च. फेब्रुवारी. पाच तारीख.

होतं.

“डोळ्यांनी दिसेनासं झालं. फोन वाचून दाखवतो, पण दुपारनंतर मुका होतो. रोज घटकाभर वाचून दाखवायला कोणी यावं.”

लिहिल्याची वेळ सात चाळीस. आणल्याची वेळ सात एकेचाळीस.

यंत्राने एका मिनिटात आणलं होतं. जगात इतक्या लवकर ते कुणाकडेच पोचलं नसेल. परागला ती सकाळ आठवली नाही, पण तशा सगळ्या सकाळी आठवल्या. उठावं तर पाच-सहाशे गोष्टी येऊन पडलेल्या. चहाचा कप डाव्या हातात. उजव्या अंगठ्याने ‘सगळं वाचलं’ हे बटण दाबायचं. पडदा स्वच्छ होतो. सकाळीच मोठं काम उरकल्यासारखं वाटतं.

“सापडलं?” बाबांनी विचारलं.

“नाही... नाही दिसत, बाबा.”

फोन त्याच्या हातातच होता. शेजारी शेवंता होती. गेले दोन महिने तिला समोर येईल ते अक्षर लावायची खोड लागली होती. साबणाचा कागद, औषधाची बाटली, एसटीची पाटी. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. ती वाकली आणि तिने बोट ठेवलं.

“डो... ळ्यां... नी... आगं बया, बाबा! ही तर आपली पाटी! ह्येच वाचून मी वर आल्ते!”

परागला फोन मागे घेता आला असता. हात हलला नाही.

“आन् हितं वर बारीक काय लिवलंय? वा... च... ले... ले.” तिने एकदा मनाशी जुळवून घेतलं आणि बाबांकडे वळून सांगितलं, “वाचलेले!”

कुणाची मदत न घेता एक अख्खा शब्द लागला होता. ती खूश होती.

...

एक शेळी उठली, अंग झाडून पुन्हा बसली.

परागने फोन पालथा घातला. ओसरीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो खालीच बघत राहिला. ह्याच जागी बाबांनी त्याला दोन वर्षं शिकवलं होतं. चुकलं की पुन्हा, पुन्हा चुकलं की पुन्हा, कधी आवाज चढवला नाही. आणि आज तो त्यांच्याशी, त्यांना दिसत नाही म्हणून, खोटं बोलला होता.

“बाबा, मी खोटं बोललो.”

“हं.”

“आलं होतं माझ्याकडे. मी वाचलं नाही.”

“हं.”

“त्या दिवशीही नाही... त्याच्या आधीचंही नाही. सहा वर्षांत तुमची एक ओळ मी वाचलेली नाही. दिवाळीपासून फक्त आणून ठेवलंय.”

बाबांनी हात पुढे केला, चाचपडत. परागचा गुडघा सापडला. त्याच्यावर दोनदा थोपटलं. परागला ते सहन होईना.

“शेवंता दुसऱ्याच दिवशी आली,” बाबा म्हणाले. “चौथी शिकलेली. तेही चाळीस वर्षांपूर्वी. ती पाटी वाचायला तिला दोन तास लागले म्हणे.”

“दोन कुटलं?” शेवंता म्हणाली. “शेळ्या पार वड्यापत्तूर गेल्या, तरी मी हितंच उबी. दिवस डोक्यावर आला. मालक वराडत्यात तिकडनं.”

तिने लाजून पदर सारखा केला. मग घडी उलगडून पुढच्या बातमीवर बोट ठेवलं. या वेळी परागने त्या बातमीकडे पाहिलं नाही. ती लावील तेवढा वेळ थांबला. तिला एका ओळीला पाच मिनिटं लागली. बाबा ऐकत होते. अडली की अक्षराचा आकार विचारत होते. कुणालाच घाई नव्हती.

ओळ संपली.

परागने लॅपटॉप पुढे ओढला. ती फाइल उघडीच होती. आकड्यापाशी गेला. एक खोडला. रिकाम्या जागी रेघ लुकलुकत राहिली.

साठ लिहिलं. खोडलं.

“दिवसातून एकदा करू का, बाबा?”



त्याने दिवसाचा आकडा लिहिला. तोही खोडला. डोळे भरून आल्यामुळे त्याला पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं.

“तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. “तुमच्याकडे काही नवीन आहे का, हे त्याला किती वेळाने विचारायला लावू?”

बाबांनी शेवंताला खुणेने थांबवलं.

“तू किती दिवसांनी येशील?”