पाटलाचं 'बघू'

फार फार वर्षांपूर्वी एका तळ्याकाठच्या गावात एक पाटील राहत होता. मोठा गोड माणूस. जन्मात कुणाचं मन दुखवलं नाही त्यानं. तुम्ही म्हणाल, मग ही तर चांगलीच गोष्ट! थांबा जरा, पुढचं ऐका.

पाटलाच्या तोंडी सदा एकच शब्द असायचा, 'बघू'. कुणी लग्नाचं आवतण दिलं, "बघू." कुणी बैल उसना मागितला, "बघू." दोघे भांडत आले, "बघू, बघू." करायचं असलं तरी बघू आणि नसलं तरी बघूच. गावही सरावलं होतं. कपाळाकडे हात गेला तर होकार, आभाळाकडे पाहिलं तर नकार, असं लोकांनीच आपापसात ठरवून टाकलं होतं. नाही म्हटलं की माणूस तुटतो, असं पाटलाला वाटे. आपल्याला कुणी वाईट म्हणू नये, एवढीच बिचाऱ्याची धडपड.

तळ्याच्या बांधाखाली भिवराचं घर होतं. दूरच्या गावाहून सून म्हणून आलेली, नवरा वारलेला, पदरात एक लहानगी लेक. एका पावसाळ्यात तिला बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं. पुढे ते गढूळ येऊ लागलं, तशी ती तडक पाटलाकडे गेली.

"पाटील, बांध आतून पोखरलाय. माणसं लावा, दगडमाती घाला. आणि जमत नसेल तर तसं तोंडावर सांगा. मी लेकीला घेऊन आजच भावाकडे जाते."

दिवस ऐन लावणीचे. माणसं शेतातून काढली तर गाव कुरकुरणार. आणि या गरीब बाईला नाही तरी कसं म्हणायचं? 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं हो! पाटलानं ते गिळलं. मायेनं हसला आणि म्हणाला, "बघू, सूनबाई."

भिवराचा जीव भांड्यात पडला. तिच्या माहेरी कुणी बघू म्हटलं की तो माणूस खरंच बघायला यायचा. तिनं बांधाकडची वाट झाडली, काटेकुटे काढले, दारात पाण्याची कळशी भरून ठेवली. लेकीला म्हणाली, "आता भ्यायचं नाही. पाटील येणार आहेत."

पाटील काही आला नाही. एक दिवस भर दुपारी भिवरा वरच्या शिवारात लावणीला गेली असताना बांध फुटला. घर गेलं, घरात निजलेली लेकही गेली. पाटील सगळ्यांच्या पुढे धावला, छातीभर चिखलात शिरून त्यानंच त्या पोरीला बाहेर काढलं. पण आता काय उपयोग?

तो भिवरासमोर येऊन मातीतच बसला.

"सूनबाई, माझं चुकलं. मला क्षमा करशील?"

"तुम्ही नाही म्हणाला असता," भिवरा म्हणाली, "तर माझी पोर आज मामाच्या अंगणात खेळत असती."

"खरंय, पोरी. पण करशील ना क्षमा?"

भिवरानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"बघू, पाटील."

दुसऱ्या दिवशी ती गाव सोडून गेली. 'बघू' म्हणताना तिचा हात ना कपाळाकडे गेला होता, ना नजर आभाळाकडे. ती हो म्हणाली की नाही, हे पाटलाला कळेना. गावात विचारून पाहिलं, कुणालाच सांगता येईना. रोज तो फुटक्या बांधावर जाऊन बसे आणि तिच्या माहेरच्या वाटेकडे डोळे लावी. कुणी म्हणे, "पाटील, चला घरी, दोन घास खाऊन घ्या." त्यावर तो काहीच बोलत नसे. एवढा गोड माणूस, पण ते एक उत्तर न मिळताच मेला.

लहानथोर सगळ्यांनी ध्यानात ठेवा: कडू 'नाही' ऐकून माणूस दुसरी वाट तरी धरतो, गोड 'बघू'च्या भरवशावर तो जागच्या जागी बुडतो.