दोरावर चालणारा आणि रांगणारी लेक

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मलाही ठाऊक नाही, तेव्हा मुलांनो, विचारू नका. आणि मुलांच्या मागे उभं राहून चोरून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही तर मुळीच विचारू नका.

एका राज्यात कसरतीचे खेळ करणाऱ्यांचा एक तांडा होता. गावोगाव हिंडायचं, माळावर पालं ठोकायची आणि खेळ दाखवायचे. त्या तांड्यात दोरावर चालणारा एक गडी होता. तो दोरावरून असा चालायचा, की खालून बघणाऱ्यांचेच पाय लटपटायचे. गडी गुणी खरा, पण डोक्यात हवा गेलेली. खेळ संपला की छाती काढून म्हणायचा, "ह्या पायांना कुनी शिकवलं न्हाई. माझं मीच शिकलो!"

लोक टाळ्या पिटायचे. त्याची म्हातारी आई कडेला नातीची दुपटी वाळत घालत असायची. तिनं ते शंभरदा ऐकलं होतं. ती पुढचं दुपटं झटकायची.

एका साली तापाची साथ आली. गडी एकवीस दिवस अंथरुणावर होता. ताप उतरला, पण जाताना कमरेतलं, पायांतलं आणि बोटांतलं बळ घेऊन गेला. वैद्य म्हणाला, "जीव वाचला हेच नशीब. चालणं मात्र अवघड दिसतं." दोरावर चालण्याखेरीज ह्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. आता उरलेला जन्म पालात पडून काढायचा?

त्यानं काय करावं? गुडघ्याएवढ्या उंचीवर दोर बांधायला लावला! दोघांनी काखेत धरून त्याला दोरावर उभं केलं. हात सोडले, की गडी गाठोड्यासारखा खाली. असं चारदा झालं. चौथ्यांदा हनुवटी फुटली. मग तो पालाच्या कापडाकडे तोंड करून रुसून पडला.

त्याची बायको ढोलकं घेऊन तांड्याबरोबर खेळाला जायची. तान्ही मुलगी आजीपाशी राहायची. आजीनं काय केलं, दुपटं पसरून मुलीला बापाशेजारी पालथं घातलं. म्हणाली, "दोघांवर एकदम नजर राहील."

आता ह्याला दुसरं बघायला होतंच काय? तो लेकीकडे बघू लागला. ती मान उचलायची. मान थरथरायची आणि धपकन खाली. पुन्हा उचलायची. बाहेर ढोलकं वाजलं की आवाजाच्या दिशेनं डोळे फिरवायची. बापाची दाढी मुठीत धरायची आणि ती सोडायची कशी हे तिलाच कळायचं नाही. मग एके सकाळी ती उताणी होती, ती आपली आपण पालथी झाली.

त्या तांड्यात एक रीत होती. मूल पालथं पडलं, बसलं, रांगलं, की दर वेळी पालापालातून गूळ वाटायचा. आजीनं गूळ वाटला. दुपारी सगळे खेळाला गेलेले पाहून गड्यानं दात आवळले, खांदा टाकला, कंबर ओढली आणि तोही कुशीवरून पालथा झाला. घामाघूम झाला. आजीनं ते पालाच्या फटीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा गूळ घेऊन निघाली. शेजारीण म्हणाली, "काल वाटलास की गं?"

"त्यो नातीचा. ह्यो आजचा हाय," म्हातारी म्हणाली आणि पुढे गेली.

पुढे दोघांनाही बसणं जमलं. रांगायची वेळ आली तेव्हा मात्र गडी अडून बसला. "आये, मी रांगू? मानसं हसतील!"

"पयल्यांदा रांगलास तवा कोन हसलं व्हतं? समदी हरखली व्हती," आई म्हणाली.

मग बाप-लेक दोघंही रांगू लागले. आजी कापडावर चुरमुरे पसरायची. लेक आधी अख्खा पंजा मारायची, निम्मे सांडायचे. पुढे तिला अंगठा आणि बोट जुळवून एकेक दाणा उचलता येऊ लागला. बापाला ते तिच्यानंतर महिनाभरानं जमलं. तोवर ती दाणा उचलून त्याच्याच तोंडात कोंबायची.

चालायलाही तीच आधी लागली. एका दुपारी त्यानं तिचं पडणं मोजलं. सतरा वेळा पडली. दोनदा रडली. बाकीच्या वेळी माती झटकायचंही तिच्या मनात आलं नाही, उठली आणि चालली. आपण चार वेळा पडून रुसलो होतो, हे आठवून गड्याला स्वतःची लाज वाटली.

अखेर तो उभा राहिला. आईनं त्याच्या दोन्ही हातांची बोटं धरली आणि ती स्वतः पाठमोरी, एकेक पाऊल मागे सरकत त्याला चालवू लागली. एवढीशी म्हातारी, कमरेत वाकलेली. आठ पावलं झाली आणि तो थबकला.

"आये, असंच माझ्यापायीबी केलं व्हतंस?"

"मग? तू काय आभाळातनं चालत आलास?" म्हातारी हसली. "तुझा बाप खेळाला जायाचा. ह्या पालापास्नं त्या पालापातूर रोज तुला चालवायची. खडा, मुंगळा, घावंल ते तोंडात घालायचास. बोट घालून काढायची, तर चावायचास मेल्या."

"मग मला कसं गं आठवत न्हाई?"

"कुनालाच आठवत न्हाई, बाबा. आठवावं म्हनून करत्यात व्हय?"

एवढा थोरला गडी, भर माळावर आईची बोटं धरून ढसढसा रडला. दुःखानं नव्हे. आपल्याला केवढं मिळालं होतं ते त्याला त्या दिवशी कळलं होतं.

आणखी वर्षभरानं तो दोरावर चढला. पाय कापत होते, पण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. लोकांनी माळ डोक्यावर घेतला. तो खाली उतरला, गर्दीतून वाट काढत थेट आईपाशी गेला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आरं, मानसं थांबल्यात तुझ्यापायी," ती संकोचून म्हणाली.

"थांबू देत," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडायला मला तीस वर्सं उशीर झालाय."

तात्पर्य: ज्यांनी आपल्याला मान उचलण्यापासून पाऊल टाकण्यापर्यंत सांभाळलं, त्यांचे कष्ट आपल्याला आठवणं शक्य नसतं, म्हणूनच त्यांचे उपकार जाणीवपूर्वक स्मरावेत.