व्हिटलॉकसाहेबांची न्याहारी

"पण बुवा, तुम्ही जन्मात कधी चाखलंच नाही, मग तुम्हाला कळतं कसं?"

गेनूबुवा तव्याखालची आच कमी करत होते. त्यांना उत्तराची घाई नव्हती.

प्रश्न रास्त होता. बुवांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. अंड्याला, मांसाला त्यांनी उभ्या आयुष्यात तोंड लावलं नव्हतं. आणि पाचगणीच्या त्या जुन्या गेस्ट हाउसमध्ये बेचाळीस वर्षं साहेबी न्याहारी रांधत होते ते हेच बुवा. बेकन, सॉसेज, अंडं, टोमॅटो, मशरूम, बीन्स, तळलेला पाव. त्यासाठी विलायतेतली माणसं सहा-सहा महिने आधी खोली राखून ठेवत. नवल करावं तेवढं थोडंच.

विचारणारा मकरंद सबनीस लंडनच्या हॉटेलात तीन वर्षं काढून आला होता आणि ती तीन वर्षं तो कोणालाही विसरू देत नसे. मालकीण खुर्शीदबाईंनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, की महिनाभर बुवांच्या हाताखाली राहा. बुवा हो म्हणाले तर स्वयंपाकघर तुझं, नाही म्हणाले तर पुण्याची गाडी धर.

रोज पहाटे बुवांना उठवून मगच मकरंद स्वयंपाकघर उघडी. महिना संपायला दोन दिवस उरले होते. बुवा अजून हो म्हणाले नव्हते.

"तिकडे याचं शास्त्र आहे, बुवा. प्लेट आधी तापलेली हवी. बेकनची कड कुरकुरीत, आत मऊ. बीन्सचा रस अंड्याला लागता कामा नये. बलक वाहता हवा. हे सगळं मी करतो. मग माझं चुकतं कुठं?"

"काय बी चुकत न्हाई."

"मग?"

"तू जिन्याकडं पाठ करून हुभा ऱ्हातोस."

म्हातारा चळला, असं मकरंदला वाटलं.

लाकडी जिना स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच होता. वरच्या मजल्यावर त्या आठवड्यात एकच पाहुणा होता, व्हिटलॉकसाहेब. वय ऐंशीच्या पुढे. दर फेब्रुवारीत नवरा-बायको दोघं येत. यंदा साहेब एकटेच आले होते. मकरंद रोज आठच्या ठोक्याला त्यांची प्लेट टेबलावर ठेवी, आणि रोज अर्धीअधिक प्लेट परत येई.

वर दार वाजलं. मकरंदने अंडं उचललं. बुवांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

पहिली पायरी करकरली. दुसरी. तिसरी...

सहावीवर आवाज थांबला.

बुवाही थांबले. हातात अंडं, मान जराशी कलती. तव्यात लोणी तडतडायला लागलं, तसा त्यांनी तवा आचेवरून बाजूला घेतला.

"बुवा, आठ वाजले!"

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

मकरंदने कान टवकारले. त्याला काहीच ऐकू येईना.

"सायेब निघालं," बुवा पुटपुटले. तवा आचेवर गेला, अंडं फुटलं आणि पांढऱ्याला कड धरू लागली.

आणि त्यानंतर सातवी पायरी करकरली.

मकरंदच्या अंगावर काटा आला.

साहेबांनी खुर्ची ओढली तेव्हा प्लेट समोर होती. बलक अजून थरथरत होता. साहेब सावकाश जेवले आणि शेवटी पावाच्या तुकड्याने प्लेट पुसून घेतली. दारातून पाहणाऱ्या मकरंदला हात जोडावेसे वाटले, पण ते पटकन जमलं नाही. गर्व असा एका सकाळीत कुठे उतरतो?

"माझं अंडं रोज त्यांची वाट बघत बसायचं," तो आत येऊन म्हणाला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," बुवा हसले.

"पण ते तिथं थांबतात का?"

"बेचाळीस वर्सांत पाव्हण्याला असलं कवा इचारलं न्हाई."

...

शेवटच्या दिवशी बुवा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. हात मांडीवर.

"आज तू."

मकरंद जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. खिशातलं घड्याळ त्याने आधीच काढून फळीवर पालथं घातलं होतं. प्लेट तापली होती. बेकन, सॉसेज, टोमॅटो, सगळं तयार होतं. फक्त अंडं फोडायचं बाकी होतं.

दार वाजलं. पावलं आली. पहिली, दुसरी...

सहावी.

मकरंदने तवा बाजूला घेतला.

आठ वाजून गेले. बेकनची कड मऊ पडली. टोमॅटो बसले. खुर्शीदबाई दारातून डोकावल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिथंच उभ्या राहिल्या. मकरंद हलला नाही.

आणि मग त्याला ऐकू आलं.

कठड्यावरून एक हात फिरत होता. थोडा पुढे जायचा, मागे यायचा. दुसरा हात बाजूच्या भिंतीवर घासत कोणाचा तरी हात शोधत होता आणि तो सापडत नव्हता. मग एक बारीकसा हुंदका. म्हातारी माणसं रडतात तेव्हा फारसा आवाज होत नाही.

मकरंदचे डोळे भरून आले. त्याला लंडन आठवलं नाही, पुण्याची गाडीही आठवली नाही.

पायरी करकरली... पण पाऊल वर चाललं होतं. पाचवी, चौथी, तिसरी. वरचं दार हळूच लागलं.

मकरंदच्या मुठीत अंडं कोमट झालं होतं. त्याने ते जपून टोपलीत ठेवलं. गॅस बंद केला. मग एप्रनची गाठ सोडू लागला.

"काय बुवा?" खुर्शीदबाईंनी विचारलं. "महिना झाला. हो म्हणायचं की नाही?"

"बाई, बुवांना कशाला अडचणीत टाकता?" मकरंद खाली बघत म्हणाला. "आज तर मी न्याहारी वाढलीच नाही."

बुवा भिंतीला धरून उठले. थंड पडलेल्या प्लेटकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मकरंदजवळ येऊन त्यांनी त्याच्या एप्रनची सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

"उद्यापासनं मला पहाटं उठवू नगंस, मकरंदा."