मोटरीच्या तोंडावरचे दोन वाघ

सांजगडच्या महाराजांची मोटर पुन्हा घाटात उकळली! झाकण उडालं, वाफेचा फवारा सुटला आणि महाराजांच्या फेट्याचा तुरा भिजून लोंबू लागला. मागून येणाऱ्या गाडीवानानं अगदी मनापासून विचारलं, "सरकार, बैल जुंपू का?"

झालं! दुसऱ्या दिवशी भर दरबारात ड्रायव्हर दौलू मान खाली घालून उभा.

"हा तिसरा रेडिएटर!" रायाजीराव महाराज कडाडले. "मुंबईहून आणलेला, कोरा करकरीत! तोही बिघडला?"

"बिघडला नाही, सरकार," दौलू चाचरत म्हणाला. "जाळी रोज धुतो, पाणी गाळून भरतो. पण आतलं पाणी निवायला समोरून वारं लागतं. आणि मोटरीच्या तोंडावर तर..."

पुढचे शब्द त्यानं गिळले. तोंडावर काय होतं ते सगळ्या संस्थानाला ठाऊक होतं. शेजारच्या वीरगावकर राजांनी आपल्या मोटरीवर चांदीचा मोर बसवला, तेव्हा आमचे महाराज कसे मागे राहतील? त्यांनी परातीएवढं चांदीचं राजचिन्ह घडवून घेतलं. दोन वाघ, मध्ये सूर्य. आणि ते ठोकलं नेमकं रेडिएटरच्या जाळीवर! वर हुकूम सोडला, की जो हे राजचिन्ह हटवील त्याचा हात कलम होईल.

"म्हणजे आमचं राजचिन्ह वारा अडवतं?" महाराज लालबुंद झाले. "अरे, या चिन्हानं मोगलांची फौज अडवली!"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. सिंहासनामागे वाळ्याचा मोठा पंखा घेऊन दौलूची लेक गजरा उभी होती. महाराजांना वारा घालणं हे तिचं काम.

"का हसलीस गं?"

"काही नाही, सरकार. एवढी फौज जिथं अडली, तिथं बिचारा वारा कुठून सुटणार?"

दरबाऱ्यांनी मिशांआड हसू दाबलं. महाराजांना ते दिसलं आणि मग काय, ते हट्टालाच पेटले.

"जीभ फार चालते तुझी! आता डोकंही चालव. परवा दसरा. सीमोल्लंघनाला आमची मोटर वीरगावकरांच्या पुढे घाट चढली पाहिजे. राजचिन्ह मोटरीवरच राहील आणि मोटर तापणार नाही! जमवलंस तर बक्षीस. नाहीतर तुझा बाप दसऱ्यानंतर मोटरीला हात लावणार नाही. हत्तीखान्यात शेण उचलील!"

दौलूचा चेहरा पांढराफटक पडला. तो माणूस मोटर पुसायचा ती स्वतःच्या उपरण्यानं. घरी जाताना वाटेत तो लेकीला म्हणाला, "पोरी, कशाला तोंड उघडलंस गं?"

"तुम्ही उघडत नव्हता ना, बाबा, म्हणून!" गजरा म्हणाली खरी, पण लगेच तिनं जीभ चावली. बापाचा जीव त्या मोटरीत होता आणि तो आता तिच्या जिभेवर टांगला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज पुरणपोळ्या चेपून दरबारात आले. बाहेर दसऱ्याच्या आधीचं कडकडीत ऊन. बघतात तो सिंहासनाच्या अगदी पुढ्यात दोन खांबांवर दरबारचं जाडजूड मखमली निशाण ताणलेलं. त्यावर जरीचे दोन वाघ आणि सूर्य!

"वा! काय शोभतंय!" महाराज खूश होऊन त्याच्याआड बसले. गजरा निशाणाच्या पलीकडे उभी राहून पंखा हलवू लागली. दाराशी दौलू अंग चोरून उभा होता.

थोड्याच वेळात महाराजांच्या कपाळावर घाम आला. मग अंगरखा पाठीला चिकटला.

"गजरे, वारा घाल!"

"घालतेय की, सरकार! हात दुखायला लागले."

"पाणी आणा!" पाणी आलं. महाराजांनी तांब्या रिकामा केला. पुन्हा मागवला, तोही रिकामा केला. तरी घामाच्या धारा थांबेनात.

"सरकार, सिंहासनच बिघडलं असेल," गजरा पलीकडून गंभीरपणे म्हणाली. "बदलू या? मुंबईहून कोरं करकरीत मागवू!"

"मूर्ख पोरी! सिंहासनाला काय झालंय? हे मध्ये आलंय ना!" महाराज ओरडले आणि त्यांनी निशाण फर्रकन बाजूला सारलं. थंडगार वारा तोंडावर आला. "हुश्श!"

महाराजांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग हातातल्या निशाणाकडे पाहिलं.

गजरानं पंखा खाली ठेवला आणि हात जोडले. "सरकार, राजचिन्ह हटवणाऱ्याच्या हाताचं काय करायचं असतं म्हणे?"

मग महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते खो खो हसत सुटले.

"धरलंस की गं आम्हाला! पण थांब," त्यांनी डोळे पुसले. "हुकूम तो हुकूम. राजचिन्ह मोटरीवर राहिलंच पाहिजे. त्याचं काय?"

"राहील ना, सरकार. मोटरीच्या पाठीवर लावा."

"पाठीवर? तिथं कोण बघणार?"

"उद्या घाटात आपण पुढे असणार, तर वीरगावकर कुठे असतील? मागेच ना! समोर लावून ते झाडांना दाखवायचं, की मागे लावून घाटभर वीरगावकरांना?"

आता मात्र महाराजांनी मांडीवर अशी थाप मारली, की भालदार दचकला! हसता हसता त्यांना ठसका लागला आणि तिसरा तांब्या मागवावा लागला. मग त्यांनी निशाण सारणारा तोच उजवा हात पुढे केला.

"हात काही तुला देता येत नाही, गजरे. फेटा कशानं बांधू? पण हातातलं हे कडं घे! आणि दौलू, उद्या मोटर तूच हाकायची!"

दसऱ्याला मोटर सुळकन घाट चढली. मागच्या वळणावर वीरगावकर दोन वाघांकडे बघत दात-ओठ खात होते आणि महाराज पुनःपुन्हा मागे वळून बघत होते. पुढे बापाशेजारी गजरा बसली होती. सैल कडं तिनं पार कोपरापर्यंत सरकवलं होतं. आज पंखा कुणीच हलवत नव्हतं, तरी वारा सगळ्यांना लागत होता.