सूपभर जोंधळ्यांची ओवी

फार फार वर्षांपूर्वी, गावांना नावं पडायच्याही आधी, नदीकाठच्या एका गावात एक बाई राहत होती. तिला ओव्यांचं वेड होतं. जात्याचा खुंटा हातात धरला की ओवी आपोआप ओठांवर यायची. तिची लहानगी लेक मांडीवर डोकं टेकून ऐकत असायची. कालची ओवी आज नसायची. कधी ओवीत लेकीचं रुसणं यायचं, तर कधी तिने उलटा घातलेला परकर.

शेजारणी म्हणाल्या, "अगं, लग्नघरी हळद दळताना तूच गात जा. सूपभर जोंधळे देऊ."

बाईच्या घरची कणगी कायम रिकामी. ती गेली. त्यात तिचं काहीही चुकलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. कलेवर पोट भरणाऱ्यांना नाकं मुरडणारी माणसं मला आवडत नाहीत.

तिचं नाव झालं. लांबलांबून बोलावणी येऊ लागली. दर लग्नाला नवी ओवी आणायची कुठून? तिने सात ओव्या घोटून ठेवल्या. नवरीचं नाव तेवढं बदलायचं. पुढे रीतच पडली: आधी तिच्या पुढ्यात सूप भरायचं, मगच ती तोंड उघडणार. सूप अर्धं दिसलं की ती नुसती बघत बसायची. घरी मात्र ती मुकाट्याने दळायची. घसा जपायला हवा ना!

एके दुपारी ती पाठमोरी बसून कणगी सारवत होती. मागे ठेवलेल्या सुपात दाणे पडले. आवाजावरूनच तिने ओळखलं, मूठभरच आहेत.

"एवढ्यात नाही हो भागत," ती मागे न बघताच म्हणाली. "ओवीला सूपभर लागतात."

"मग आणखी साठवते," मागून उत्तर आलं.

बाई गर्रकन वळली. मागे तिची लेक उभी होती, हातात रिकामं फडकं घेऊन. खळ्यावर सांडलेले दाणे पोरीने कितीतरी दिवस एकेक करून वेचले होते.

अरे देवा! पोटच्या पोरीला तिने भाव सांगितला होता! मला तर ही गोष्ट सांगतानासुद्धा काळजात चर्र होतं.

तिने लेकीला ओढून मांडीवर घेतलं, खुंटा धरला आणि गाऊ लागली. नवरीच्या जागी लेकीचं नाव घातलं.

पोर थोडा वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, ही नाही गं. ही पाटलांच्या ताईची आहे. माझी म्हण ना."

बाईने पुष्कळ आठवून पाहिलं. एक शब्द सुचेना. लेक हल्ली काय खेळते, कशाला भिते, काहीच तिला ठाऊक नव्हतं.

लग्नघरी गाणं तिने सोडलं नाही. पण घरच्या जात्यावर ती रोज लेकीला घेऊन बसू लागली. पहिले कितीतरी दिवस नुसती घरघर ऐकू यायची. एक ओवी जुळायला अख्खं वर्ष लागलं. ती फक्त त्या दोघींनीच ऐकली.

म्हणून सांगतो, कला खुशाल विकावी, पण ती ज्यांच्या मायेतून सुचते त्यांना भाव सांगू नये.