हजर म्हणणारा कडा

मंडळी, इथं जरा थांबा. चावडीपुढचा हा काळा दगड बघा, पण त्याच्यावर बसू नका. बसल्यानं पाप लागत नाही, फक्त गावातली पोरं हसतात. हा हजेरीचा दगड. आणि समोर ओढ्यापलीकडे मधोमध आत वळलेला, सुपासारखा जो कडा उभा आहे, तो हजरकडा. रांजणदरीला आलेला पाहुणा आधी त्या कड्याला हाक मारून बघतो. तुम्हीही मारा, पण नाव एखाद्या माणसाचंच घ्या. त्या कड्याला नुसती आरोळी आवडत नाही, असं आमच्यात सांगतात.

दरवर्षी ऑगस्ट संपतो त्या संध्याकाळी या दगडापाशी तहसीलदार, फौजदार, तलाठी, शाळेचे हेडमास्तर असे सगळे येऊन रांगेत उभे राहतात. आमच्या पारधी वस्तीतली सगळ्यात वयस्क बाई या दगडावर चढते आणि एकेकाचं नाव पुकारते. ज्याचं नाव येईल त्यानं मोठ्यानं 'हजर' म्हणायचं. मागे एक नवे साहेब 'उपस्थित' म्हणाले होते. ते काही चाललं नाही, पुन्हा म्हणायला लावलं. साहेबांची हजेरी पारध्यांनी घ्यायची ही उलटी रीत कुठून आली, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो.

गोऱ्या साहेबाच्या राज्यात एक कायदा होता. त्या कायद्यानं आमची अख्खी जमात जन्मापासून गुन्हेगार ठरवून टाकली होती. चोरी कोणी केली हे मागाहून बघायचं, आधी पारधी धरायचा. वस्तीतल्या प्रत्येक जाणत्या बाईनं आणि बाप्यानं रोज दिवस मावळताना या दगडापाशी यायचं, पोलीस पाटलानं नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. ताप असो, घरात मयत असो, सुटका नाही. जो चुकेल त्याला तुरुंग. वस्ती तेव्हा माळाच्या पार त्या टोकाला होती, म्हणजे चालण्यातच दिवसाची उरलीसुरली ताकद जायची.

त्या वस्तीत लखा नावाचा पारधी होता. त्याची बायको झेला, आणि आई गोजरबाई. लखा-झेलाचा पहिला मुलगा चिम्या, नुकता बोलायला लागलेला. एकदा तो तापानं फणफणला होता. घरी ठेवावा तर सांभाळायला कोण, जाणती माणसं सगळी हजेरीला. झेलानं त्याला खांद्यावर टाकला आणि ती रांगेत येऊन उभी राहिली. तिनं 'हजर' म्हटलं तेव्हा चिम्या होता, आणि लखाचं नाव पुकारेपर्यंत तो गेला होता, असं सांगतात. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, पण इथं आलो की मला अजून राग येतो. येऊ द्यावा. राग येणं सुटलं तर मी सांगणंही सोडून देईन.

पुढच्या साली झेलाला पुन्हा दिवस गेले. तेव्हा गोजरबाईनं देवीपुढे तोंड उघडलं. ही गोजरबाई तितराची हाक अशी काढायची की झुडपातला तितर फसून तिच्या पायाशी यायचा. साऱ्या मुलखात तिचं नाव होतं, आणि घरातली चूलही त्याच हाकेवर पेटायची. ती देवीला म्हणाली, "माझं हे नातवंड त्या दगडापाशी मरायचं नाही, अन् तुरुंगात जन्मायचं नाही. अन् आज जे आमाला हाका मारत्यात, त्यांना एक दिवस आमच्या हाकेला ओ द्यायला लावीन. तवर तितर धरणार न्हाई." घरात खायला काही नसताना बाईनं हातातलं कसब देवीकडे गहाण ठेवलं. लोक म्हणाले, म्हातारीला वेड लागलं.

म्हातारी मात्र शहाणी होती. दुसऱ्याच संध्याकाळी हजेरी संपल्यावर ती मागे रेंगाळली आणि हजेरी घेणाऱ्या निंबाजी पाटलाला म्हणाली, "पाटील, एक विचारू का? हजेरीला माणूस लागतंय का आवाज?"

निंबाजी पाटील मनानं वाईट नव्हता, पण वरच्या साहेबाला फार भ्यायचा. चिम्या त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता, तेव्हापासून तो झेलाचं नाव पुकारताना जमिनीकडे बघायचा. तो वैतागून म्हणाला, "मी नाव घेतलं की ओ आली पाहिजे. हुकमात एवढंच आहे. जा आता."

गोजरबाई गेली, पण घरी नाही. ती ओढा ओलांडून कड्याखाली गेली. जन्मभर तिनं हेच तर केलं होतं. कुठं उभं राहिलं म्हणजे हाक किती लांब जाते, वारा कुणीकडचा असला म्हणजे ती कुठं विरते, हे तिला पायांनी ठाऊक होतं. कड्याच्या पोटात एक कपार आहे. तिथं हळू बोललेलंही चावडीपर्यंत येतं, आणि चावडीपुढची हाक तिथं दुमदुमते. ती कपार तिनं झाडून, सारवून ठेवली.

झेलाला कळा लागल्या त्या नेमक्या उन्हं कलताना. गोजरबाईनं तिला कपारीत नेलं. मातंग वस्तीतली यसाबाई सुईण आधीच सांगून ठेवलेली होती. पारधणीचं बाळंतपण केलं म्हणून तिला गावात बोल लागणार होता. ती म्हणाली, "मला बोलायचं काय कमी ठेवलंय त्यांनी?" आणि तिनं पाणी तापत ठेवलं. गोजरबाईला तिथं थांबता येत नव्हतं, तिचंही नाव पुकारलं जायचं होतं. निघताना ती सुनेला म्हणाली, "कड्यात तुजं नाव घुमलं की जीव एकवटून ओ दे, पोरी. एकच डाव. मग खुशाल रड."

आणि नेमका त्या दिवशी तालुक्याहून जमादार आला होता, हजेरी तपासायला. घोड्यावरून उतरून तो पाटलाशेजारी उभा राहिला. गोजरबाई धापा टाकत रांगेत शिरली. पाटील नावं पुकारत गेला आणि झेलाच्या नावाशी येऊन अडखळला. रांगेत झेला नाही, हे त्याला दिसत होतं. जमादारालाही दिसत होतं.

"झेला लखा भोसले!"

कडा म्हणाला, झेला लखा भोसले. मग काहीच नाही. ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. लखानं पाय पुढे टाकला, तर गोजरबाईनं त्याचा दंड धरला.

आणि कड्यातून आवाज आला, "हजर!"

गाईगुरं थबकली म्हणे. जमादार म्हणाला, "पाटील, हे काय चाललंय? बाई कुठाय? बाई दाखव मला." पाटलाला नोकरी होती, इनाम होतं, ते सगळं जायची वेळ होती. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मान वर केली, असं सांगतात. तो म्हणाला, "साहेब, हुकमात ओ द्यायची म्हटलंय. मी नाव घेतलं, ओ आली. साऱ्या गावानं ऐकली."

तो बोलतोय तोवर कड्यातून दुसरा आवाज आला. कोवळा, चिडलेला, सगळ्या दरीत भरून राहणारा. मूल रडत होतं.

पाटलानं कड्याकडे हात केला. मग म्हणाला, "या लेकराला तर मी बोलावलंच नव्हतं. याचं नाव माझ्या हजेरीत येणार नाही."

जमादारानं कड्याकडे बघितलं, पाटलाकडे बघितलं आणि घोड्यावर बसून टाच मारली. तो घाबरला होता म्हणे. कड्यातली देवी बोलली असं त्याला वाटलं. वस्तीतले निम्मे लोक आजही तेच मानतात, की झेलाच्या अंगात तेव्हा बोलायचं त्राणच नव्हतं, 'हजर' म्हणाला तो कडाच. बाकीचे म्हणतात, बाळंतीण होती ती, तिच्यात दहा कड्यांचं बळ होतं. मला विचाराल तर मी दोन्हीकडून आहे. मुलगी झाली होती. तिचं नाव ठेवलं हजरा.

पुढे गोऱ्यांचं राज्य गेलं. आपलं राज्य आलं, सगळी माणसं सारखी असं लिहून झालं, आणि थोड्या वर्षांनी तो जन्माचा गुन्हेगार ठरवणारा कायदाही मोडीत निघाला. निंबाजी पाटील म्हातारा झाला होता. त्यानं रांगेला सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. हजेरी संपली." दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती दिवस मावळताना दगडापाशी हजर! कोणाचा विश्वासच बसेना. आज गेलो नाही आणि उद्या धरून नेलं तर? कितीतरी दिवस आमचे लोक येत राहिले, रांग करत राहिले, आणि नाव पुकारायला कोणी नाही. तुम्ही हसताय, हसा. मलाही हसू येतं आणि मग येत नाही.

अशाच एका संध्याकाळी गोजरबाई म्हणाली, "आलोच हाय तर रिकाम्या हातानं कशाला जायाचं?" वाकलेली म्हातारी दगडावर चढली आणि तिनं चावडीकडे तोंड करून हाक मारली, "निंबाजी पाटील!"

गाव गोळा झालं. कोणी दगड उचलेल, असंच सगळ्यांना वाटलं. पाटील चावडीच्या पायऱ्या उतरला, रांगेसमोर येऊन उभा राहिला, पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "हजर."

गोजरबाईचा नवस फिटला. ती म्हणाली, "पाटील, हजराचं नाव तुमी तुमच्या हजेरीत घेतलं न्हाई. आता शाळंच्या हजेरीत घाला." दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः हजराला हाताला धरून शाळेत घेऊन गेला. मास्तरांनी नाव पुकारलं, आणि आमच्या वस्तीतल्या माणसानं 'हजर' म्हटल्यावर पहिल्यांदा कोणी म्हणालं, "शाबास, बस खाली."

पुढे कायदा गेला त्या तारखेला दरवर्षी ही उलटी हजेरी होऊ लागली, आणि पाटलामागोमाग एकेक साहेबही रांगेत येऊ लागला. आणि हजरा म्हणजे माझी आत्या. ऑगस्टाअखेरीस याल तर भेटेल, गेली काही वर्षं दगडावर तीच चढते. कायदा गेला तरी लोकांच्या डोळ्यांतला संशय काही लगेच गेला नाही, आणि नवे कायदे आमच्या बाजूचे असले तरी ते आपल्या पायांनी वस्तीवर चालत येत नाहीत. म्हणून नुसतं 'हजर' म्हटल्यानं साहेबांची सुटका होत नाही. आत्या तहसीलदाराला विचारते, जातीचे दाखले कोणाकोणाचे अडलेत? फौजदाराला विचारते, आमच्या पोराला नुसत्या संशयावर उचललंत का, आणि आमच्यावर हात उचलला त्याची फिर्याद घेतलीत का? काही साहेब घाम पुसतात. पण दाखले निघाले आहेत, घरकुलं झाली आहेत, आणि मागच्याच साली फौजदारांनी सगळ्यांसमोर एका पोराची माफी मागितली. कड्याखाली मात्र आमच्यातलं कोणी तितराला हात लावत नाही. आता सरकारचाही तसा कायदा आहे, पण आमचा जुना.

सगळ्यांची हजेरी झाली की आत्या कड्याकडे वळते. शेवटचं नाव तिच्या भावाचं असतं, जो तिनं कधी पाहिला नाही.

"चिम्या लखा भोसले!"

कडा ते नाव परत देतो. मग वस्तीतलं त्या वर्षी पहिलीत गेलेलं सगळ्यात लहान लेकरू, शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीला लावून दगडापाशी पुढं येतं आणि बेंबीच्या देठापासून ओरडतं, "हजर!"

आणि आजही कडा म्हणतो, हजर.